सहीवरची रेघ

कमलाबाई गजघाट्यांच्या सहीत आठ अक्षरं होती. ती आठही त्या आधी उघड्या डोक्यांची लिहून घेत आणि मग डावीकडून उजवीकडे, सगळ्यांवरून, एकाच दमात रेघ ओढत. नागपूरच्या महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी झाली. हजेरीपट, प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचे दाखले, सगळ्यांवर ही सही होती आणि रेघ कधी वाकडी गेली नव्हती. नवरा भानुदास गेला त्या दिवशी दवाखान्याच्या कागदावर केलेल्या सहीतसुद्धा नाही.

ती रेघ मोडली अमेरिकेतल्या पार्सिपनीत, सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत.

मुलाकडे येऊन त्यांना दीड महिना झाला होता. रवी कॉम्प्युटरच्या वाय-टू-केच्या कामावर होता, सून जागृती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आणि नात दीक्षा तिसरीत. कपडे धुवायची मशीन अपार्टमेंटच्या मागच्या इमारतीत होती. वाळलेल्या कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन कमलाबाई पार्किंग ओलांडत होत्या. डांबर ओलं दिसत होतं, एवढंच. त्यावर काचेसारखा बर्फ धरलाय हे पाय गेल्यावर कळलं. पडताना उजवा हात पुढे गेला. आवाज आधी ऐकू आला, दुखणं मागून आलं. तशाच बसल्या बसल्या डाव्या हातानं त्यांनी पहिल्यांदा रवीचे ऑफिसचे शर्ट गोळा केले, कारण ते पुन्हा धुवावे लागले असते.

मनगटापाशी हात पळीसारखा वाकला होता. डॉक्टरांनी तो ओढून सरळ केला, सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि सहीसाठी एक कागद पुढे केला. रवीनं तो परस्पर स्वतःकडे घेतला.

"राहू दे आई, मी करतो."

त्यानं केली. कमलाबाई बघत राहिल्या. आपल्या नावापुढे दुसऱ्या कुणाची सही त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या.

मार्चात प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो त्यांना ओळखू येईना. बारीक, खरबरीत, बोटं सुजलेली आणि मूठ अर्धीच मिटणारी. तळवा वर करायला गेलं तर कोपरच बाहेर यायचं. जागृतीनं त्यांना हाताच्या थेरपीच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथं पॅट नावाची पन्नाशीची, ढगळ स्वेटर घातलेली बाई होती. तिनं पितळी कंपासपेटीतल्या कोनमापकासारख्या एका पट्टीनं मनगट किती वाकतं ते मोजलं, एक लोखंडी दांडी दाबायला दिली, काटा किती सरकला ते लिहून घेतलं आणि मग काहीतरी विचारलं.

"आई, ती विचारतेय, या हातानं तुम्हाला पहिल्यांदा काय करता यायला हवंय," जागृती म्हणाली. "म्हणजे वेणी घालणं, भाकरी थापणं... मी भाकरी सांगते हं."

"सही," कमलाबाई म्हणाल्या.

"अहो, सही तर डाव्या हातानंही—"

"सही सांग तिला."

जागृतीनं सांगितलं. पॅटनं चष्म्यावरून कमलाबाईंकडे एकदा नीट पाहिलं आणि फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं.

कारण सांगायचं तर बिडीच्या कारखान्यापर्यंत मागे जावं लागतं. कमलाबाईंची आई बिड्या वळायची. दर शनिवारी हप्ता घ्यायला रांग लागे आणि रांगेच्या तोंडाशी मुनीम बसलेला असे. बायका आपण होऊन अंगठा पुढे करतील एवढासुद्धा त्याला धीर नसे. तो अंगठा स्वतःच पकडायचा, जांभळ्या शाईच्या गादीवर रगडायचा आणि वहीवर दाबून सोडून द्यायचा, जसा काही तो बाईच्या हाताचा नसून त्याच्या टेबलावरचा शिक्काच आहे. आई तो अंगठा डोक्याच्या केसांना पुसायची. लुगड्याला पुसला तर डाग राहतो. केसांत दिसत नाही. सगळ्याच बायका तसं करायच्या. आठवीतल्या कमलानं हे रांगेत उभं राहून पाहिलं आणि घरी येऊन आईला म्हणाली, "माझा अंगठा मी कोणाच्या हाती देणार नाही."

"नको देऊ माय," आई म्हणाली. "म्हणून तं तुले शाळेत घातलं."

पुढं चौऱ्याहत्तर साली नागपुरातल्या इंदोऱ्यातलं घर भानुदासनं कमलाबाईंच्या नावावर घेतलं. तो स्वतः तारखात्यात होता, पण म्हणाला, घर मास्तरणीच्या नावानं असावं. रजिस्ट्रारच्या ऑफिसात कारकुनानं आडनाव वाचलं, नऊवारीतली सासू पाहिली, सुती साडीतली सून पाहिली आणि शाईची गादी उघडून पुढे सारली. कमलाबाईंनी ती दोन बोटांनी त्याच्याकडे परत सरकवली आणि पदराआडून स्वतःचं पेन काढलं. ही गोष्ट भानुदास येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पाहुणा चहा प्यायला बसला की रवी आतूनच ओरडायचा, "बाबा, गादीची गोष्ट सांगा न!" इतकी ती घरात ऐकलेली होती.

त्या घराची पुढची खोली भानुदास गेल्यावर कमलाबाईंनी वस्तीतल्या पोरांना अभ्यासाला दिली. दोन लांब बाकं, दोन ट्यूबलाइट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि किल्ली मनोहरकडे. मनोहर त्यांचा जुना विद्यार्थी. आता पोस्टात होता आणि चाळिशीला आला तरी त्यांना 'बाई'च म्हणायचा. दर पंधरा दिवसांनी त्याला एरोग्रामवर पत्र जायचं: पोरं वेळेवर येतात का, दहावीचे किती, इंग्रजीला कोणी बसतं का. हात मोडल्यापासून एकही गेलं नव्हतं. रवी म्हणाला होता, सांग, मी लिहितो. पण विद्यार्थ्याला पाठवायचं पत्र मुलाच्या अक्षरात कसं पाठवायचं? त्यांनी नको म्हटलं.

थेरपी आठवड्यातून दोनदा. आधी वितळलेल्या कोमट मेणात हात बुडवायचा, मग तो पिशवीत गुंडाळून बसायचं. मग टेबलाच्या कडेवरून मनगट खाली सोडायचं आणि वर उचलायचं. अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावत करंगळीपर्यंत न्यायचं. करंगळी महिनाभर लांबच राहिली. रंगीत लगद्याचा गोळा मळायचा. आधी पिवळा, तो जमला की लाल, मग हिरवा, प्रत्येक आधीच्याहून घट्ट. "जन्मभर कणीक मळली," कमलाबाई दुखण्यानं डोळे मिटून म्हणायच्या, "तं आता ही न खायची कणीक मळून राहिली मी."

आणि या सगळ्यात रवी त्यांना नव्यानं दिसला. ज्या मुलाला एरवी आईशी दोन वाक्यं बोलायला रविवार लागायचा, तो अर्धी सुट्टी टाकून क्लिनिकला नेऊ लागला. ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "आई, गोळा मळला? किती वेळा?" एक दिवस तो चार रेघांची वही घेऊन आला, पहिलीतल्या मुलांची असते तशी.

"यात रोज सही कर. पंधरा-वीस वेळा. प्रॅक्टिसनं येतं."

कमलाबाईंना हसू आलं आणि भरूनही आलं. ह्या पोराचा हात धरून त्यांनी त्याला अशाच वहीत 'र' गिरवायला लावला होता. दुपारी घर रिकामं असायचं तेव्हा त्या जेवणाच्या टेबलाशी बसायच्या. अक्षरं पडायची, उठायची. पण रेघ? अर्ध्यावर मनगट अडायचं आणि रेघ 'भा'च्या डोक्यात शिरायची. संध्याकाळी रवी वही उघडून बघायचा, खिडकीशी नेऊन, मान तिरकी करून.

"'ग', 'टे' सुधारलं. रेघ अजून... येईल, येईल."

"बाईंचा बाई झाला हा," त्या जागृतीला म्हणाल्या. जागृती सिंककडे तोंड करून भांडी विसळत होती.

एप्रिलच्या शेवटी दीक्षा खालच्या पेटीतून टपाल घेऊन आली. "आजी, इंडियातून लेटर! फॉर यू."

मनोहरचं अक्षर. कमलाबाईंनी एरोग्रामच्या कडा डाव्या हातानं फाडल्या.

'आदरणीय बाई, सविनय जय भीम. हाताचं कळलं, काळजी वाटते. बाई, गेल्या आठवड्यात रविदादांनी पाठवलेले दोन गृहस्थ येऊन घर मोजून गेले. टेप लावला. पुढची खोली पाडून दुकानाचे गाळे काढू असं आपसात बोलत होते. मुलं बसलेली होती, ती उठून बाहेर गेली. मी विचारलं तर म्हणाले, बाईंच्या सहीनं रविदादांच्या नावची मुखत्यारी येतेय जूनमध्ये, मग विक्रीचा व्यवहार. बाई, आपण ठरवलं असेल तर मी कोण? फक्त मुलांना काय सांगू ते कळवावं. बाकं कुठं हलवावी तेही.'

कमलाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग चार रेघांची वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच नाव, दीडशे-दोनशे वेळा, खाली रवीनं पेन्सिलीनं केलेल्या बरोबरच्या खुणा. काही जागी त्यानं लिहिलं होतं, 'गुड'.

रवी घरी आल्यावर त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. त्यानं उभ्याउभ्याच वाचलं आणि खुर्ची ओढली.

"सांगणारच होतो मी. तुझा हात दुखत होता, म्हटलं बरं वाटू दे आधी."

"हात कशासाठी बरा करून राहिला होता तू माझा?"

"आई, प्लीज. असं काय बोलते?" त्याचा आवाज खरोखर दुखावल्यासारखा झाला. "बघ, तू तिथं एकटी. पडली असती तर कोणी उचललं असतं? इथं आपण घर बघितलंय, चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट आहे, तुझ्यासाठी खाली वेगळी खोली. डाउन पेमेंट कमी पडतंय. ते घर नुसतं पडून आहे."

"पडून नाही. तिथं पोरं बसतात."

"बसतील दुसरीकडे! समाजमंदिर आहे, विहार आहे. तूच नाही का सगळ्यांना बाहेर निघा, शिका सांगत? निघालो न आम्ही बाहेर? आता मदत कोण करणार, आई नाही तर?"

"आई, तुम्ही लगेच काही ठरवू नका," जागृती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "पण दीक्षाचा विचार करा."

दीक्षा टीव्हीसमोर बसून म्हणाली, "आय वॉन्ट माय ओन रूम."

इथं कमलाबाईंनी सरळ 'नाही' म्हणायला हवं होतं. एकतीस वर्षं वर्गात त्यांनी हेडमास्तरांना, शिक्षणाधिकाऱ्यांना, गावगुंडांना 'नाही' म्हटलं होतं. पण ते सगळे परके होते. इथं त्या मुलाच्या घरात, मुलानं दिलेल्या पलंगावर, मुलानं धुऊन आणलेल्या चादरीवर झोपत होत्या. हात मोडल्यामुळे वेणी सून घालत होती. तोंडाशी आलेलं 'नाही' त्यांनी गिळलं आणि बायका बोलतात ते बोलल्या.

"हात तं बरा होऊ दे."

त्या दिवसापासून हात बरा व्हायचा थांबला. म्हणजे घरात थांबला. क्लिनिकमध्ये तो भराभर सुधारत होता. पॅट हिरव्या गोळ्यावरून निळ्यावर आली, करंगळी अंगठ्याला टेकली, लोखंडी दांडीचा काटा दर खेपेला थोडा पुढे सरकू लागला. पण गाडीत बसलं की कमलाबाई क्लिनिकनं दिलेला मनगटाचा पट्टा घट्ट करायच्या आणि हात पोटाशी धरायच्या. चहाचा कप डाव्या हातानं. वहीतली सही दिवसेंदिवस बिघडत चालली. अक्षरं बिघडवणं त्यांना जड गेलं. आयुष्यभर पोरांच्या पाट्यांवर ज्या अक्षरांवर काट मारली ती आता स्वतः काढायची. घर रिकामं असलं की एकदा, फक्त एकदाच, त्या जाहिरातीच्या पाकिटाच्या पाठीवर खरी सही करायच्या. मेच्या मध्यावर रेघ पहिल्यांदा 'क'पासून 'टे'पर्यंत सरळ गेली. त्यांनी ते पाकीट बारीक फाडून कचऱ्यात खाली घातलं आणि वर कांद्याची सालं टाकली.

हिशोब साधा होता. परतीचं तिकीट चौदा जूनचं होतं. तोपर्यंत हात वाकडा ठेवला की झालं. एकदा इंदोऱ्याला पोचलं, मनोहर आणि वस्ती भोवती असली, की तिथं 'नाही' म्हणायला तोंड उघडेल. हा मार्ग सरळ नाही हे त्यांना कळत होतं. पण घर तर राहील.

मेच्या शेवटच्या आठवड्यात क्लिनिकमधून परतताना जागृतीनं सिग्नलला गाडी थांबवली आणि समोर बघत म्हणाली, "पॅट म्हणाली, हात छान झालाय. आता दोनच अपॉइंटमेंट्स पुरे."

कमलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"रवीला मी नाही सांगितलं अजून."

"काहून?"

"माझ्या बाबांनी आमचं घर विकलं होतं, माझ्या दादाच्या धंद्यासाठी," जागृती म्हणाली. "आईला सही करताना विचारलंसुद्धा नाही." सिग्नल हिरवा झाला. थोडं अंतर गेल्यावर ती पुढे बोलली, "पण आई, मला ते नवीन घर हवंय. खोटं कशाला बोलू? तुमचं तुम्ही बघा. मी मधे पडत नाही."

कमलाबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. डावा.

पाच जूनला रवीनं सुट्टी घेतली. "मॅनहॅटनला जायचंय, भारतीय वकिलातीत. मुखत्यारीचे कागद तयार आहेत. जमलं तर जमलं, नाही तर परत येऊ." बोलणं इतकं सैल होतं की कमलाबाई निश्चिंत झाल्या. पट्टा बांधला, वरून शाल घेतली. गाडीत मागे रवीचे ऑफिसचे दोन मित्र बसले होते, अमित आणि संजीव. पोरं चांगली होती. "काकू, हात कसा आहे?" त्यांनी विचारलं. "दुखते बाबा," कमलाबाई म्हणाल्या. हे दोघं कशाला आलेत हे त्यांच्या मनात आलं, पण बोगद्यात गाड्यांची इतकी गर्दी झाली, आणि त्या दोघांनी क्रिकेटवरून इतका वाद घातला, की ते राहून गेलं.

ऑफिसात काउंटरमागे सोनेरी काड्यांच्या चष्म्याचा एक शांत माणूस होता. त्यानं कागद चाळले, मग कमलाबाईंकडे पाहिलं.

"माताजी, आप समझती हैं इसमें क्या लिखा है?"

ही वेळ होती. कमलाबाईंना नंतर पुन्हा पुन्हा वाटत राहिलं, की तो माणूस थांबला होता. पेन खाली ठेवून थांबला होता. त्यांनी एका शब्दानं सांगितलं असतं तर त्यानं कागद परत केले असते. पण शेजारी रवी उभा होता. लहानपणी वर्गाबाहेर आईची वाट बघत उभा राहायचा तसा, एका पायावर भार देऊन. आणि शिवाय मनगटावर पट्टा होता, तो त्यांचं काम करणार होता. कशाला चारचौघांत मुलाला मान खाली घालायला लावायची?

"हां," त्या म्हणाल्या. "लेकिन हाथ टूटा है. साइन नहीं होता."

"कोई बात नहीं," तो माणूस सहज म्हणाला. "अंगूठा चलेगा. बायां. दो गवाह हैं न?"

"हैं," रवी म्हणाला.

अमित आणि संजीव पुढे सरकले.

तेव्हा कमलाबाईंना सगळं एकदम दिसलं, फळ्यावर लिहिल्यासारखं. पाच महिने त्या ज्या हाताची राखण करत होत्या तो उजवा होता. डाव्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तो धडधाकट, कपबशी उचलणारा, शेजारी लोंबत होता.

काउंटरवर शाईची गादी आली. जांभळी नव्हती, काळी होती. पण वास तोच.

"रवी," त्या हळूच म्हणाल्या. "अंगठा नको."

"आई, काय फरक पडतो? लीगली सेम आहे."

"तुले माहीत आहे न? बाबा सांगायचे..."

"हो ग, माहीत आहे." तो मित्रांकडे बघून ओशाळं हसला. "पण ते तेव्हाचं होतं. इथं कोण बघतंय? अमेरिकेत तर सगळ्यांचेच फिंगरप्रिंट घेतात, माझेपण घेतले. दोन सेकंदांचं काम आहे. दे."

आणि त्यानं आईचा अंगठा धरला.

रागानं नाही. आईला मदत करावी तसाच, मऊपणे, दोन बोटांत. पण अंगठा धरला, गादीवर टेकवला आणि डावीकडून उजवीकडे फिरवला. त्याला ते बरोबर येत होतं. कमलाबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटांवर केस उगवलेला, घड्याळ घातलेला, कामाची घाई असलेला पुरुषाचा हात. मुनिमाच्या बोटात अंगठी होती, एवढाच फरक.

तो अंगठा कागदाकडे नेत होता तेव्हा त्यांनी हिसका मारला.

"आई!"

शाईचा अंगठा हवेत राहिला. काय करावं ते त्यांना कळेना, आणि मग हातानं आपलं आपणच केलं. तो वर गेला आणि अंगठा कानामागच्या पांढऱ्या केसांत पुसून खाली आला. पुसून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय केलं. आईचे केस निदान काळे होते.

त्यांनी दातांनी पट्ट्याची चिकटपट्टी उचकटली. चर्र असा आवाज झाला. पट्टा काउंटरवर ठेवला.

"पेन," त्या म्हणाल्या.

"अग पण तुझा हात..."

"पेन दे."

चष्मेवाल्या माणसानं स्वतःचं दिलं. कमलाबाईंनी कागद सरळ केला, मनगट टेकवलं आणि लिहायला लागल्या. कमला. भा. गजघाटे. आठ अक्षरं, उघडी, सारखी, ओळीत उभी. मग 'क'च्या आधीपासून सुरू केलेली रेघ 'टे'च्या पुढे पाव इंच जाऊन थांबली. कुठं थरथर नाही. चार पानं होती; चारही पानांवर त्यांनी सही केली. चौथी तर पहिलीपेक्षाही चांगली आली.

"वाह, माताजी," तो माणूस म्हणाला. "टीचर थीं क्या?"

"हां," कमलाबाई म्हणाल्या. "थी."

अमित आणि संजीवनं साक्षीदार म्हणून खाली घाईघाईत सह्या मारल्या. वाचता येऊ नयेत अशाच त्या होत्या. शिक्के बसले. रवी कागदांकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत होता. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर त्याला राहवलं नाही.

"आई, म्हणजे हात केव्हाचा बरा आहे?"

त्या पायऱ्या उतरत होत्या. उजव्या हातानं कठडा धरून.

"मग इतके दिवस नाटक कशाला? मला वाटलं..." तो थांबला. त्याला काय वाटलं ते त्यालाही जुळवता येईना. मग तो एकदम मोकळं हसला, काम झाल्यासारखं. "जाऊ दे. छान झाली सही. एकदम पहिल्यासारखी. बाबा असते तर खूश झाले असते."

कमलाबाई थांबल्या. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. खरंच म्हणत होता. परतीच्या वाटेत पोरांनी कुठल्याशा दुकानातून जिलबी घेतली आणि काकूंना पहिला तुकडा दिला.

दुसऱ्या दिवशी थेरपीची शेवटची पाळी होती. पॅटनं मनगट मोजलं, दांडी दाबून घेतली आणि फाइल उलटत पहिल्या पानावर आली. तिथं तिनंच लिहिलेली ओळ होती. तिनं विचारलं आणि जागृतीनं भाषांतर केलं, खाली बघत.

"विचारतेय, सही केली का."

"केली सांग."

जागृतीनं सांगितलं. पॅट उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग मेणाच्या भांड्यात हात बुडवून बसलेला म्हातारा, गोळा मळणारी तरुण मुलगी, टेबलापलीकडची दुसरी थेरपिस्ट, सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. पॅटनं कमलाबाईंना मिठी मारली. तिच्या खांद्यावरून कमलाबाईंना समोरच्या आरशात स्वतःचं डोकं दिसलं. कानामागच्या केसांत काळा पट्टा होता. सकाळी दोनदा शांपू लावूनही गेला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी रवीच्या खणातून एरोग्राम काढला. मनोहरला उत्तर जायचं होतं. बाकं कुठं हलवायची ते त्यानं विचारलं होतं, आणि पोरांना काय सांगायचं तेही. महिना होऊन गेला होता. हात बरा झाला की लिहिते, असं त्यांनी मधे रवीकडून फोनवर कळवलं होतं.

त्या टेबलाशी बसल्या. 'प्रिय मनोहर, जय भीम,' असं लिहिलं आणि चारही शब्दांवर नीट रेघा ओढल्या. मग पेन तसंच धरून बसून राहिल्या. हात जराही दुखत नव्हता.